अडसर कोणाच्या हाती?

वाईच्या जुन्या वाड्यात पन्नास वर्षे संसार केलेल्या आजी मुलाकडे बेंगळुरूला राहायला आल्या. मारतहळ्ळीतील एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर मुलाचे घर होते. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. पण खेड्याची खूण म्हणावी असे तेथे फारसे काही उरले नव्हते. नवी भाषा, नवी हवा, नवे शेजारी या साऱ्यांशी आजींनी जुळवून घेतले. त्यांचे जमेना ते फक्त दारांशी.

वाड्याचे दार त्यांच्या ओळखीचे होते. सागवानी कवाडे, कडी-कोयंडा आणि रात्री आतून सरकवायचा अडसर. मोठा दरवाजा सणासमारंभालाच उघडे. एरवी ये-जा त्यातील लहान दिंडीतून. दिंडीतून वाकूनच आत यावे लागे, त्यामुळे परका माणूस एकदम आत घुसू शकत नसे. उंच उंबरठा पावसाचे पाणी आणि सरपटणारे जीव बाहेर ठेवी. कवाडे आत उघडत. बिजागऱ्या आतल्या बाजूला असल्याने बाहेरून त्या उखडता येत नसत. चोराची भीती आणि घराची अब्रू या दोहोंचा विचार त्या दारात होता. मात्र म्हाताऱ्या गुडघ्यांचा विचार त्यात नव्हता, हे आजींना उतारवयात कळले.

नव्या घरात उंबरठा नव्हता; पण दारांना गोल गुळगुळीत मुठी होत्या. आजींची बोटे संधिवाताने आखडलेली. एके दुपारी घरी कोणी नसताना वाऱ्याने खोलीचे दार लागले. मूठ काही केल्या फिरेना. नात महाविद्यालयातून परत येईपर्यंत आजी आत अडकून पडल्या.

स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या नातीने त्या दिवशी दारांचा विषयच काढला. “आजी, चूक तुझ्या बोटांची नाही, मुठीची आहे,” ती म्हणाली. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने 2014 पासून नव्या घरांत गोल मुठींऐवजी दांडीच्या मुठी बंधनकारक केल्या. अशी मूठ कोपरानेही दाबता येते. हातात सामान असलेल्यालाही ती सोयीची. भारतातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर हवी. जपानमध्ये घराचे मुख्य दार बहुधा बाहेर उघडते, कारण आत लगेच पादत्राणे काढण्याची जागा असते. प्रत्येक देशाचे दार त्याच्या राहणीप्रमाणे घडते.

“मग जिन्याचे ते जड दार बाहेर का उघडते?” आजींनी विचारले.

नात क्षणभर गप्प झाली. मग तिने सांगितले, की 16 जून 1883 रोजी इंग्लंडमधील संडरलँड येथे व्हिक्टोरिया सभागृहात मुलांचा खेळ होता. शेवटी रंगमंचावरून खेळणी वाटू लागताच सज्जातील मुले जिन्यावरून खाली धावली. तळाशी आत उघडणारे दार होते आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून त्याला खिटी लावलेली होती. मागचा लोंढा थांबेना, पुढच्यांना दार उघडता येईना. 183 मुले गुदमरून गेली. त्यानंतर आतून नुसते ढकलताच उघडणाऱ्या आडव्या दांडीचे दार शोधले गेले. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसारही सुटकेचे दार बाहेर उघडले पाहिजे आणि आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे.

बेंगळुरूलाही हा धडा महागात मिळाला. मारतहळ्ळीला येणाऱ्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या इमारतीत 23 फेब्रुवारी 2010 रोजी आग लागली. धूर जिन्यांत कोंडला. बाहेर पडण्याच्या वाटा बंद असल्याच्या तक्रारी झाल्या. 9 जण दगावले.

आजी उठल्या आणि नातीचा हात धरून जिन्यापाशी गेल्या. दाराच्या दांडीला साखळी गुंडाळून कुलूप घातलेले होते. रखवालदार म्हणाला, “चोरीच्या भीतीने लावले आहे. किल्ली खाली कार्यालयात असते.”

रविवारी रहिवाशांची सभा भरली. चोरी झाली तर जबाबदार कोण, असा प्रश्न आला. आजी कधी सभेत बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

“आमच्या वाड्यालाही चोरांची भीती होती. पण अडसर आतून होता, आतल्या माणसाच्या हाती होता. बाहेरच्याला अडवते ते दार. आतल्यालाच अडवते तो तुरुंग.”

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्याच संध्याकाळी साखळी निघाली. चोरीच्या भीतीवर उपाय म्हणून, दार उघडताच वाजणारी घंटा बसवायचे ठरले. पुढच्या आठवड्यात आजींच्या खोलीच्या दारालाही दांडीची मूठ लागली.

दार पाहून घराची श्रीमंती ओळखावी, असे पूर्वी मानत. त्याहून खरी परीक्षा निराळी आहे. घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला, घाईच्या वेळी, अंधारात, कोणाच्याही मदतीवाचून ते उघडता येते का? येत असेल तरच ते घर साऱ्यांचे.