अंगणाचा ढाळ

नाचता येईना अंगण वाकडे. ही म्हण गेले पंधरा दिवस माझ्या मागे लागली आहे. भाजी निवडताना, लोकलच्या दारात उभी असताना, रात्री दिवा मालवल्यावर. शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून कितीतरी वेळा लिहिली असेल, पण तेव्हा तिच्यातल्या माणसाकडे कधी पाहिलं नाही. कोण नाचायला उभं राहिलं होतं? कुणाच्या अंगणात? आणि अंगण वाकडं आहे असं त्यानं म्हटल्यावर जमलेल्यांपैकी एकानं तरी खाली वाकून बघितलं का?

बघितलं असतं तर दिसलं असतं. अंगण वाकडंच असतं.

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. पाऊस सरला की अंगण नव्यानं करायचं असे. चार महिन्यांत त्यावर गवत माजलेलं, कडेनं शेवाळ, पागोळ्यांनी पाडलेली खळगी ओळीनं. मामा कुदळीनं सगळं खणून काढायचा, ढेकळं फोडायचा, लाल माती ओली करून रात्रभर मुरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी चोपणं घेऊन चोपायला बसायचं. रुंद, जड लाकडाचं चोपणं, त्याचा आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जाई. आम्हा मुलांना ते दोन्ही हातांनी जेमतेम उचलायचं. मग शेणाचं सारवण. आजी वाकून, उजव्या हातानं अर्धगोल काढत मागे मागे सरकत जायची आणि तिच्या बोटांच्या रेघा वाळल्यावरही दिसत राहायच्या.

पण सारवण्याच्या आधी मामा एक गोष्ट करायचा. तांब्याभर पाणी घेऊन ओटीच्या पायरीशी उभा राहायचा आणि ते हळूच ओतायचा. पाणी कुठं जातं ते आम्ही सगळे बघत उभे. ते तुळशीला वळसा घालून खालच्या माडाकडे गेलं पाहिजे. मध्येच कुठं थांबलं, तर तेवढी जागा पुन्हा उकरायची. कारण सपाट अंगण म्हणजे पावसाळ्यात तळं. पाणी जोत्यात मुरणार, जोतं खचणार, भिंत ओल धरणार. म्हणून अंगणाला ढाळ द्यायचा, आणि मुद्दाम द्यायचा. डोळ्यांना तो दिसायचा नाही, पण आमची गोटी सोडली की ती आपली माडाकडेच जायची.

म्हणजे त्या नाचणाऱ्यानं सांगितलं ते खरं होतं. त्याच्या पायाला ढाळ लागला असणार. इतकी वर्षं आपण त्याला हसतो, आणि तो खोटं बोलत नव्हता.

इथं मी अडकले आहे. कारण त्याच अंगणात शिमग्याला पालखी यायची. ढोल घुमायला लागले की खांद्यावर पालखी घेऊन माणसं नाचायची, पुढं झुकत, मागं येत, गिरक्या घेत, आणि अंगण तेच, ढाळ तोच. माडाच्या बाजूला गेलेल्या माणसाचा गुडघा किंचित वाकायचा आणि ओटीकडे येताना ताठ व्हायचा, हे मी पायरीवर बसून पाहिलेलं आहे. त्यांना कुणी शिकवलं नसणार. दरवर्षी नाचून पायांना ते ठाऊक झालं होतं. वाकडेपणाबद्दल त्यांना विचारलं असतं, तर बहुधा त्यांना प्रश्नच कळला नसता.

माझ्याकडे तबल्याची जोडी आहे. तेरा ते एकोणीस, अशी सहा वर्षं मी शिकले. सर नोकरीवरून परत येऊन, हातपाय धुऊन, चहाही न घेता शिकवायला बसायचे. पहिले कित्येक महिने नुसता तीनतालाचा ठेका, सोळा मात्रा, पुन्हा सोळा मात्रा. मला कायदे वाजवायचे असायचे आणि सर म्हणायचे, आधी ठेका घरच्यासारखा झाला पाहिजे. एकदा त्यांनी आईला सांगितलं, हिच्या हातात आहे. एवढंच. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. कुणी एफडी मोडत नाही, तसं.

पुढं वाजवणं सुटलं. नोकरी, लग्न, मुलगी. डोंबिवलीतली पातळ भिंतींची इमारत, पलीकडच्या घरात कुणाची ना कुणाची दहावी. सकाळी डबे, रात्री दमणूक. पावसाळ्यात तर हवा दमट झाली की पुडी उतरते, हातोडीनं गजरा ठोकून सुरात आणावी तर तासाभरात पुन्हा ढिली. हे सगळं खरं आहे. यातलं एकही कारण मी बनवलेलं नाही. पंधरा दिवस मी ती एकेक करून तपासते आहे आणि प्रत्येक कारण खरं निघतं आहे. तेच मला खुपतं आहे. एखादं तरी खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं, ते टाकून देता आलं असतं.

सबब हा शब्द कसा आहे पाहा. बोलताना आपण तो खोट्या कारणासाठी वापरतो. सबबी सांगू नकोस, असं आईही म्हणायची आणि सरही. पण जुन्या कागदांत, अर्जांत, कोर्टाच्या भाषेत सबब म्हणजे म्हणून, या कारणानं. सबब, अर्ज मंजूर व्हावा. मूळ अरबी शब्दाचा अर्थच कारण. एकाच शब्दात खरं कारण आणि पळवाट दोन्ही नांदतात, आणि कुठं एक संपून दुसरी सुरू होते ते शब्दाला पाहून कळत नाही. माणसाला पाहून तरी कळतं का?

अशा वेळी आपण मोठ्यांची नावं घेतो. मीही घेतली. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षं नोकरी करत होते. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेब म्हणून ते घरोघर पोचले, तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. खर्डेघाशीच्या त्या सगळ्या वर्षांत गाणं आत जिवंत ठेवायचं म्हणजे रोज काय करावं लागलं असेल? त्याहून मागे गेलं तर विष्णु दिगंबर पलुसकर. 1872 चा जन्म, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि शिक्षणाची वाट बंद झाली. मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, आणि त्याच माणसानं 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अधू झालेल्या दृष्टीपुढं माझ्या पातळ भिंतीची काय कथा, असं म्हणून मी वही मिटणार होते.

मिटली नाही. कारण त्या गोष्टीत मिरज आहे. कुरुंदवाडपासून मिरज जवळ, तिथं बाळकृष्णबुवा होते, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे, आणि त्या मुलाच्या पाठीशी संस्थानाचा आश्रय होता. पलुसकरांच्या कष्टांना यानं काडीचाही उणेपणा येत नाही. कष्ट त्यांचेच. पण त्याच काळात दृष्टी अधू झालेला एखादा मुलगा असाही असेल, ज्याच्या गावाजवळ मिरज नव्हती. त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नाही, आणि न पोचलेल्या गोष्टींना आपण सबबी म्हणून मोकळे होतो.

म्हणीचा दुसरा अर्धा भाग हल्ली फारसं कुणी म्हणत नाही. रांधता येईना ओली लाकडे. आजी तो म्हणायची, आणि स्वतःबद्दल कधीच नाही.

श्रावणातली तिची चूल मला स्वच्छ आठवते. लाकडं पावसाआधी भरून ठेवलेली असली तरी पडवीत ओल शिरायचीच. उद्याची लाकडं ती आज वैलाशी टेकून ठेवायची, म्हणजे आजच्या जाळावर उद्याचं सरपण सुकतं. तरी सकाळी धूर. लाकडाच्या टोकातून पाण्याचा फेस चुर्र करत बाहेर यायचा. आजी फुंकणी तोंडाला लावून, डोळे मिटून फुंकायची, मग खोकायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा फुंकायची. माणसं बारा-चौदा, आणि भात वेळेवर. ओल्या लाकडांची तक्रार तिनं केल्याचं मला आठवत नाही. खूप वर्षं मी हे उदाहरण म्हणून सांगत आले, मुलीला तर हटकून. बघ, आजी कशी होती, तिनं कधी कारणं दिली नाहीत.

आता वाटतं, ती सांगणार कुणाला? लाकडं ओली आहेत म्हणून आज भात नाही, असं म्हणायची मुभा त्या घरात तिला होती का? माझ्याकडे कारणं आहेत, ती ऐकून घेणारे लोक आहेत, ‘अगं हो ना, कसा वेळ मिळणार’ म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत. तिच्याकडे यातलं काही नव्हतं. तिच्या न बोलण्याला मी इतकी वर्षं मनाचं बळ समजले. बळ होतंच. पण ते एवढंच होतं का?

आणि आजीला गळा होता. गौरीच्या रात्री माजघरात बायका फेर धरायच्या तेव्हा पहिली ओळ तिची असे, आणि ती वर चढली की बाकीच्या थोड्या गप्प होत. त्या गळ्याचं पुढं काही करावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही आलं असेल का, कोण जाणे. मी विचारलं नाही. मी तेव्हा तबला शिकत होते आणि सुट्टीत तिच्यापुढं पाटावर बोटं वाजवून दाखवत होते. ती हातातलं काम थांबवून ऐकायची. एवढे श्रम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिचा गळा होता तिथंच राहिला. तिच्याबाबतीत कष्ट कमी पडले असं कोण म्हणेल? कष्ट तर सगळे चुलीकडे गेले. मग माझ्यातलं जे अर्धवट राहिलं ते तिच्यासारखं राहिलं, की त्या नाचणाऱ्यासारखं? दोघांना एका म्हणीत बसवणाऱ्या माणसावर मला राग येतो. आणि लगेच वाटतं, आजीच्या आड मी लपते आहे. तिच्या खऱ्या अडचणीची ऊब माझ्या अडचणीला देते आहे. तिच्याकडे दुपारचा एक तास नव्हता. माझ्याकडे होता, निदान रविवारी तरी. त्या तासांचं मी काय केलं, ते मला आठवत नाही.

परवा रविवारी कपाटावरून जोडी खाली काढली. खोळीला बुरशीचा वास. डग्ग्याची वादी एका ठिकाणी विरली आहे, तबल्याच्या शाईला कडेनं बारीक तडा. बाहेर पाऊस होता, पुडी उतरलेली. हातोडी सापडली, पण सूर लावत बसले नाही. खालच्या, भरड आवाजातच ठेका धरला, विलंबित, तोंडानं मात्रा मोजत. पलीकडच्या घरातून काही आवाज आला नाही.

नवव्या मात्रेला खाली. तिच्यापुढच्या चार मात्रांना डग्गा गप्प असतो, डावा हात नुसता वाट बघतो आणि चौदाव्याला परत येतो. माझा पंधराव्याला आला. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा पंधराव्याला. तिसऱ्या वेळेला तो चौदाव्यावर पडला. खरंच पडला, की मीच ती मात्रा लांबवली, हे मला एकटीला ऐकून कळेना.