सकाळचे धुके आणि डोळ्यातले पाणी

रायपूरचा तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती. तिथल्या एखाद्या घरात सत्तरीतल्या आजी पहाटे उठतात, तेव्हा निरांजनाची ज्योत त्यांना वलयात गुरफटलेली दिसते. अकरा वाजेपर्यंत धुके विरते आणि दुपारी पंचांगातली बारीक अक्षरेही लागतात. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असणार. पण मोतीबिंदू दुपारी ओसरत नाही. ओसरते ते पाणी.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यातही सुमारे 78 टक्के पाणीच. आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर हे पाणी अहोरात्र उपसतो, म्हणून पडदा स्वच्छ राहतो. गेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. थर विरळ झाला की पडदा फुगतो आणि प्रकाश विखुरतो. रात्रभर पापण्या मिटलेल्या, बाष्पीभवन बंद. साहजिकच सकाळ सर्वांत वाईट. व्हिएन्नाचे डॉ. एर्न्स्ट फुक्स यांनी 1910 मध्ये वर्णिलेल्या विकारात हेच घडते.

पंचाईत आहे ती मोजमापाची. दवाखान्यात पडद्याची जाडी मोजतात आणि तीवरून पाण्याचा अंदाज बांधतात. परंतु निरोगी डोळ्यांतही ही जाडी कुणाची 500 मायक्रोमीटर, तर कुणाची 600. आजींची 580 भरली, तर ती सूज समजावी की जन्मजात ठेवण? प्रश्न पुस्तकी नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत याच पेशी आणखी गमावतात. त्या आधीच थकलेल्या असतील, तर पुढे पारपटलाचे रोपणही करावे लागू शकते.

येथे टेराहर्ट्झ लहरी उपयोगी पडतील, असे संशोधकांना वाटते. रेडिओलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधला हा पट्टा. कंपने सेकंदाला लाख कोटींच्या घरात. पाणी या लहरी अधाशासारखे शोषते. दूरवर संदेश धाडण्याच्या कामी हाच त्यांचा मोठा दोष. डोळ्यापाशी मात्र तोच गुण ठरतो, कारण परतणाऱ्या लहरींची तीव्रता ऊतीतल्या पाण्यानुसार बदलते. शिवाय क्ष-किरणांसारखे आयनीभवनाचे भय नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झॅकरी टेलर, वॉरन ग्रुंडफेस्ट आणि सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यांवर असे प्रयोग केले. (या पट्ट्याच्या शेजारच्या मिलिमीटर लहरींशी जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात 1895 च्या सुमारासच खेळत होते, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असते.)

अडचणी मात्र हट्टी आहेत. पडदा वक्र, डोळा क्षणभर स्थिर नाही, आणि वरचा अश्रूंचा थर म्हणजे पुन्हा पाणीच. जाडीतला बदल आणि ओलाव्यातला बदल परतलेल्या लहरीत एकमेकांत मिसळून येतात. ते वेगळे काढणे हे खरे काम, आणि ते अजून प्रयोगशाळेतच चालू आहे.

तोवर तात्यापाऱ्यातल्या आजींनी शक्यतो सकाळची पहिली वेळ मागावी. ती न मिळाल्यास, ‘उठल्यावर धूसर दिसते, दुपारी निवळते’, एवढे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.