कानांतील गाणें आणि मागची घंटा

पुण्यांत रोज प्रातःकाळीं वेताळ टेकडीकडे फिरावयास जातांना संगीत ऐकण्याचा आम्हांस छंद आहे. त्याकरितां आम्हीं प्रथम मऊ रबरी टोंकांचे, कान गच्च बंद करणारे इअरफोन घेतले. तंबोऱ्याची तारन् तार स्पष्ट ऐकूं येई! परंतु प्रत्येक पाऊल कानांत धप् धप् वाजे, आणि बाहेरचें जग मुकें होई. एके दिवशीं मागून येणाऱ्या दूधवाल्या काकांच्या सायकलीची घंटा आम्हांस ऐकूं आली नाहीं. आम्हांस वांचवितांना ते स्वतः पडले. किटलींतील दूध रस्त्यावर वाहिलें. "बाळ, लागलें नाहीं ना?" हाच त्यांचा पहिला प्रश्न! लज्जेनें आमची मान खालीं गेली.

पुढें आम्हीं कानावर अडकवावयाचे, कानाचें छिद्र मोकळें ठेवणारे हलके इअरफोन निवडले. त्यांत खर्ज कांहींसा क्षीण लागतो, हें खरें. परंतु कान दुखत नाहींत, आणि वाहनांची चाहूल लागते. गोंगाटांत आवाज मात्र वाढवूं नये. ८० डेसिबलचा ध्वनि आठवड्यांतून ४० तासांहून अधिक ऐकूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आतां घंटा वाजतांच आम्ही बाजूस होतों, आणि काका हंसून पुढें जातात. तेवढ्या हंसण्यापुढें थोड्या खर्जाची उणीव आम्हांस मुळींच जाणवत नाहीं.