विकणे आहे

आमच्या वाशीच्या सोसायटीतील फळ्यावर, पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली, गेल्या महिन्यात मी एक चिठी लावली : 'मोठ्या टायपातील इंग्रजी कादंबरी. कोर्टकचेरीची. जुनी. विकणे आहे.' किंमत घातली नाही. पुस्तकाची किंमत लेखकाने करू नये, ते काम रद्दीवाल्याचे. त्याच्याच तराजूतून हा ग्रंथ चार वर्षांपूर्वी माझ्या घरी आला.

जॉन ग्रिशॅमची १९९६ सालची 'द रनअवे ज्यूरी'. कुठल्याशा परदेशी वाचनालयाने काढून टाकलेली प्रत, आत त्यांचा शिक्का. अशा पुस्तकांचे अक्षर सोळा पॉइंटांचे किंवा त्याहून मोठे असते. त्यामुळे साधी कादंबरीही ज्ञानकोशाच्या खंडासारखी दिसते. इंग्लंडात लेस्टरला फ्रेडरिक थॉर्प नावाच्या गृहस्थाने १९६४ साली नजर अधू झालेल्यांसाठी अशी पुस्तके छापायला घेतली. त्या भल्या माणसाचे उपकार वाशीपर्यंत पोहोचतील, हे त्याच्या स्वप्नातही नसेल!

पुस्तक घेतले ते अण्णांसाठी. ठाण्याच्या कोर्टात एका वकिलांकडे त्यांनी जन्मभर कारकुनी केली. म्हातारपणी त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध डाग पडला. कडेचे सारे दिसे. ज्याच्याकडे पाहावे तेच नाहीसे होई. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा पडदाच झिजलेला. मोठे अक्षर आणि भरपूर उजेड, एवढेच डॉक्टरांनी सांगितले.

मग अण्णा रोज सकाळी खाडीकडच्या गॅलरीत भिंग आणि पेन्सिल घेऊन बसू लागले. सिगारेट कंपनीवर एका विधवेचा दावा, आणि ज्यूरीतलाच एक जण आतून सूत्रे हलवतो आहे! ग्रिशॅम स्वतः मिसिसिपीत वकिली केलेला, त्यामुळे कामकाजात अण्णांना खोट काढता येईना. ते नानावटी खटल्यावर घसरत. १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले, आणि पुढे वरच्या न्यायालयांनी जन्मठेप दिली. "बारा जण काय, आठ जण काय, माणसं ती माणसंच," असे म्हणून ते पान उलटत.

मला त्या पुस्तकाचा मत्सर वाटे, हे आज कबूल करतो. माझ्याही तीन कादंबऱ्या कपाटात होत्या. पण प्रकाशकाने कागद वाचवण्यासाठी टाइप मुंगीएवढा घेतलेला. त्यांतली एक ओळही अण्णांना दिसली नसती. वाचून दाखवावे असे मला सुचले नाही. सुचले होते, पण दिवसभर शाळा, रात्री माझे लिहिणे. खोलीचे दार मी लावून घेई. ग्रिशॅमची चारशे-साडेचारशे पाने झाली आणि अण्णा गेले.

चिठी पाहून पलीकडच्या विंगमधली एक मुलगी आली.

"काका, आजीला हवंय पुस्तक. पण आत काही लिहिलेलं नाही ना? पेन्सिलीच्या रेघा तिला अक्षरांसारख्याच दिसतात."

"पुसून ठेवतो. रविवारी ये," मी म्हणालो.

शाळेतला खोडरबर घेऊन बसलो. समासात अण्णांचे वळणदार, पण एकमेकांवर चढलेले अक्षर. कायद्याच्या शब्दांचे अर्थ त्यांनी बिनचूक दिले होते. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मला त्यांतले निम्मेही आले नसते. पण मधूनच एखाद्या साध्यासुध्या, बाजारी बोलीतल्या शब्दाखाली रेघ आणि पुढे लिहिलेले : 'चि.ला विचारणे.' पाच-दहा पानांनी पुन्हा तेच. त्यांनी मला एकदाही काही विचारले नव्हते.

मोजले तर असे शब्द एकतीस भरले. कोश काढला. एक-एक शब्द शोधला, अर्थ मोठ्याने म्हटला आणि मग तेवढी ओळ खोडली. शनिवारी रात्री दोनपर्यंत एकोणीस झाले होते.