कापसाच्या खोलीशेजारची गाडी

पत्र मुळात माझ्या नावाचं नव्हतंच. इलेक्ट्रिक गाडी मी पुण्याहून वापरलेली घेतली. आरसीवर नाव माझं चढलं, बँकेचा बोजाही चढला, पण कंपनीकडे मोबाईल नंबर पहिल्या मालकाचाच राहिला होता. त्या भल्या माणसानं पत्राचा फोटो काढून पाठवला म्हणून मला कळलं. नाहीतर बोरीत कुणाला पत्ता लागला असता?

पत्र इंग्रजीत होतं. अमुक ते अमुक चेसिस नंबरच्या गाड्यांच्या बॅटरीत काही सेल सदोष असण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलेलं. तपासणी होईपर्यंत चार्जिंग 80 टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, बॅटरी फार खालीही येऊ द्यायची नाही, रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, गाडी इमारतीपासून लांब मोकळ्यावर उभी करायची. आणि शेवटी, ‘आपल्या जवळच्या कार्यशाळेशी संपर्क साधा.’

बोरी हे जिंतूर-परभणी रस्त्यावरचं गाव. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानामागं गोदाम, गोदामाला लागून पत्र्याचं शेड, त्यात गाडी. शेडच्या दुसऱ्या अंगाला जी खोली आहे तिच्यात कापूस, भाव वाढेल म्हणून छतापर्यंत रचलेला. आणि मागं कडब्याची गंजी. दिवसा लाईटचा भरवसा नाही, म्हणून गाडी रात्रीच चार्जिंगला लागायची. पत्रात जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं आमच्याकडं रोजचं होतं.

बायकोनं पत्र वाचलं नाही, फक्त ऐकलं. म्हणाली, ‘‘एक तर गाडी ठेवा, नाहीतर कापूस ठेवा.’’

पेट्रोलच्या गाडीतून गळती झाली तर वास येतो, इंजिन तापलं तर काटा वर चढतो. इथं काहीच कळत नव्हतं. गाडी सकाळी चालू व्हायची, एसी गार लागायचा, परभणीच्या मोंढ्यात जाऊन यायची. गावातल्या मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि हात झटकत उठला. ‘‘भाऊ, हे आपलं काम नाही. डबा सीलबंद हाय.’’

मग भाच्याला बोलावलं. तो इलेक्ट्रिकल शिकतोय. त्यानं सांगितलं ते असं. सेलमध्ये धन आणि ऋण बाजूचे पापुद्रे असतात आणि ते एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे एक अगदी पातळ पडदा असतो. कारखान्यात सेल भरताना वाकळेच्या अस्तराला घडी पडावी तशी त्या पडद्याला घडी पडली, की पुढं कधीतरी दोन्ही बाजू आतल्या आत भिडू शकतात. सेल तापतो, शेजारच्याला तापवतो आणि मग थांबत नाही. बॅटरी जितकी भरलेली तितकी जळायला ताकद जास्त, म्हणून वरची मर्यादा. अशी आग पाण्यानं विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते. आमच्याकडं बंब जिंतूरहून नाहीतर परभणीहून येणार. तो येईपर्यंत कापसाचं काय व्हायचं, हे मी भाच्याला विचारलं नाही.

असं आधी कुठं झालंय का, हे मात्र विचारलं. बरंच झालं होतं. कोरियाच्या ह्युंदाईनं डिसेंबर 2020 मध्ये भारतात विकलेल्या 456 कोना गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच कंपनीनं जगभरातल्या सुमारे 82,000 गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं ठरवलं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं ऑगस्ट 2021 मध्ये शेवरोले बोल्टच्या तोवर बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवायच्या यादीत घातल्या. तिथं दोष सापडला तो हाच, घडी पडलेला पडदा आणि त्याच सेलमध्ये फाटलेली पट्टी. दोन्ही एकत्र आले तर आग. त्या लोकांना तर गाडी दुसऱ्या गाड्यांपासून 50 फूट लांब उभी करा, असाही सल्ला मिळाला होता. काही मालकांकडून कंपनीनं गाड्या विकतही परत घेतल्या. पुण्यात मार्च 2022 मध्ये ओलाची स्कूटर रस्त्याकडेला पेटली, त्यानंतर कंपनीनं 1,441 स्कूटर परत बोलावल्या; ओकिनावा कंपनीनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये 3,215.

‘‘मामा, कोरिया, अमेरिका, पुणे आन् आता बोरी,’’ भाचा म्हणाला. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात, ते असं खरं व्हायला नको होतं.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला की गाव विचारत. बोरी म्हटलं की तिकडून ‘बोरिवली ईस्ट की वेस्ट?’ मग जिंतूर सांगायचं, मग परभणी, मग मराठवाडा, तोवर फोन दुसऱ्याच माणसाकडं जायचा. जवळची कार्यशाळा नांदेडला निघाली. 80 टक्क्यांच्या वर भरायची नाही, फार खाली आणायची नाही आणि जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. हे गणित मी दुकानाच्या वहीत मांडून पाहिलं, जमेना. शेवटी वाटेत चार्जिंग करत, एसी बंद ठेवून, परभणीच्या उन्हात भाजत मी आणि भाच्यानं नांदेड गाठलं. तिथं एका मुलानं गाडीला वायर जोडली, लॅपटॉपवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहिला आणि म्हणाला, ‘‘दोन सेल बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतायत.’’ नवी बॅटरी कधी येईल? ‘‘वरून कळवतील.’’

वरून कळवलं ते वेगळंच. बॅटरी लवकर मिळण्यासारखी नाही, तुमची इच्छा असेल तर कंपनी गाडी परत विकत घेईल. सोबत एक आकडा आणि एक संमतीपत्र.

आकडा कुठून आला ते विमा एजंटनं उलगडून दाखवलं. विम्यात गाडीची किंमत ठरलेल्या टक्क्यांनी घटवतात. तीन वर्षं उलटून चौथं लागलं की मूळ किमतीतून 40 टक्के वजा. तोच आकडा कंपनीनं उचलला होता. पण विम्याचा हिशेब गाडी चोरीला गेली, अपघातात चुरा झाली तर किती द्यायचे यासाठी असतो. माझी गाडी चोरीलाही गेली नव्हती आणि ठोकलेलीही नव्हती, ती कारखान्यातूनच तशी आली होती. ह्युंदाईला त्या 82,000 बॅटऱ्या बदलायचा खर्च सुमारे 90 कोटी डॉलर धरावा लागला होता. गाडीमागं तेव्हाच्या भावानं साधारण आठ लाख रुपये. बॅटरी बदलून देण्यापेक्षा जुन्या गाडीचे विम्याच्या भावानं पैसे देणं कुणाला परवडतं, हे समजायला दुकानदाराला फार वेळ लागत नाही.

जिंतूरच्या कोर्टात वकिली करणारे आमचे एक पाहुणे आहेत. त्यांनी संमतीपत्र वाचलं, ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ या ओळीखाली रेघ मारली. कायदा काय म्हणतो, मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला दोनदा ऐकावं लागलं. वाहन परत बोलावण्याचे सक्तीचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि कंपनीनं ऐकलं नाही तर दंड एक कोटीपर्यंत. पण तो दंड सरकारजमा. माझ्या पैशांसाठी ग्राहक आयोग, तोही परभणीतच, कारण 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयोग दोष काढायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला लावू शकतो. मात्र मारुतीच्या एका खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की सदोष भाग बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. शिवाय मी दुसरा मालक, म्हणजे कंपनी तिथूनच वाद काढणार.

‘‘आणि पेटलीच तर?’’

‘‘कापूस जळला तर उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे कायद्यात, त्यात भरपाई मागता येते,’’ ते म्हणाले. ‘‘त्या प्रकरणात गाडीचं स्वतःचं नुकसान मात्र धरत नाहीत.’’

मी कापूस विकून टाकला. भाव मनासारखा नव्हता. गाडी गावाबाहेर आमच्या आखाड्यावर नेऊन उभी केली, आणि आता येणारा-जाणारा तिथं थांबून गाडीला काय झालं म्हणून विचारतो.

परत विक्रीतली सगळ्यात किचकट गोष्ट पैसे नव्हेत. बँकेचं कर्ज आहे, म्हणजे कंपनीचे पैसे आधी बँकेत, उरले तर मला. मग बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35, त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. फास्टॅग बंद करायचा. विम्याचा ‘नो क्लेम’ आपल्या नावानं काढून ठेवायचा, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. आणि आरसीवरचं नाव बदलायला फॉर्म 29, फॉर्म 30. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘‘सर, कोऱ्यावर सह्या करून द्या, आम्ही भरून घेऊ.’’ वकील पाहुण्यांनी ते ऐकलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी कुणाच्याही ताब्यात असो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. उद्या ही गाडी ट्रकवरून नेताना पेटली किंवा दुरुस्त करून कुणाला विकली आणि तिनं कुणाला उडवलं, तर नोटीस बोरीला येणार.

आकडा तेव्हापासून थोडा वर सरकलाय. विम्याच्या उरलेल्या महिन्यांचे आणि शेडमध्ये घातलेल्या वायरिंगचे पैसे द्यायला कंपनी कबूल आहे. ठरलेल्या मुदतीत नाव बदलून देऊ, असं लिहून द्यायला मात्र अजून तयार नाही. त्यामुळं फॉर्म 30 माझ्या गल्ल्यात पडून आहे, सही न केलेला, आणि हप्ता दर महिन्याला कापला जातोय.