बंद पडला तेव्हा किती वाजले होते?

दुकानातून तयार आणलेली वस्तू बिघडली तर दोष दुकानदाराचा. घरी हाताने जोडलेली वस्तू बिघडली, तर दोष जोडणाऱ्याचा, हे घरच्या न्यायालयात आधीच ठरलेले असते. आणि ती वस्तू गेम खेळायचा संगणक असेल, तर आरोपीला वकीलही मिळत नाही.

डोंबिवलीच्या एका दोन खोल्यांच्या घरात हेच झाले. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने वर्षभर शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या, आईने त्यात थोडी भर घातली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चार चकरा मारून त्याने एकेक भाग गोळा केला. कोअर आय-५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस. एका रविवारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याने सगळे जोडले आणि पहिल्याच खेपेला संगणक सुरू झाला. ‘‘कंपनीचा घेतला असतास तर वॉरंटी तरी मिळाली असती,’’ एवढे बोलून वडिलांनी आपला वाटा उचलला. माळ्यावरचा जुना यूपीएस त्यांनी स्वतः पुसून आणून लावून दिला. दहा वर्षांत दोनदा बॅटरी बदलली होती, बाकी त्याने कधी दगा दिला नव्हता.

एप्रिलपर्यंत सगळे सुरळीत होते. परीक्षा संपली, मुलगा संध्याकाळी खेळायला बसू लागला आणि संगणक मधेच बंद पडू लागला. ना सूचना, ना निळा पडदा. कुणी मेन स्विच खाली ओढावा तसे पंखे थांबायचे, पडदा काळा व्हायचा. बटण दाबले की पुन्हा काही झालेच नाही अशा थाटात चालू. विंडोजच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी ओळ उमटलेली असे. तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता बंद झाले. का झाले, ते ती ओळ सांगत नाही. पंचनाम्यात नुसते ‘इसम मृतावस्थेत आढळला’ एवढेच लिहावे, तसा हा प्रकार.

मग मते सुरू झाली. वडिलांचे मत पक्के होते. आईचे हिशेबाचे काम तासन् तास चालते तेव्हा हा बंद पडत नाही, खेळायला बसले की पडतो, म्हणजे दोष खेळाचा. ‘‘ते कार्ड विकून टाक आणि सरळ अभ्यासापुरता ठेव.’’ दुरुस्तीवाल्याने खोका न उघडताच निदान केले: एसएमपीएस गेला, तो बदलून नाही भागले तर कार्ड. मुलगा गप्प होता. आपल्याच हातून कुठे वायर सैल राहिली असेल, या भीतीने तो रोज रात्री खोका उघडून तेच स्क्रू पुन्हा आवळत होता.

प्रश्न नुसत्या करमणुकीचा नव्हता. आई आसपासच्या दुकानदारांची जीएसटीची कामे याच संगणकावर करत असे आणि दर महिन्याची २० तारीख कुणासाठी थांबत नाही. तिने एकच विचारले, ‘‘अरे, पण बंद पडतो तेव्हा वाजलेले किती असतात?’’

हे कुणालाच सांगता येईना. मग दुधाच्या हिशेबाची जुनी वही निघाली. तिने तीन रकाने आखले: वेळ, संगणकावर काय चालू होते, घरात आणि इमारतीत काय चालू होते. शिवाय अट घातली, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हिशेब जुळत नसला की दोन आकडे एकदम खोडायचे नसतात, हे तिला पोटापाण्याच्या कामाने शिकवले होते. अशा बिघाडात बहुतेकांचे चुकते ते इथेच. घाबरून पेस्ट, पंखा, रॅम सगळे एका दिवशी बदलले, तर बिघाड गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिला संशय उष्णतेवर. तो रास्तच होता. एके काळी, २००१ च्या सुमारास, काही प्रोसेसर असे होते की वरचा कूलर निघाला तर पाहता पाहता जळून जात. आताचे प्रोसेसर सावध असतात. तापले की आधी वेग कमी करतात आणि अगदीच सहन होईना तर यंत्र बंद करतात. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. मुलाने मोजले, तर खेळताना ७८. धूळ झाडली, थर्मल पेस्ट नवी लावली, पारा ७१ वर आला. बंद पडणे मात्र तसेच. म्हणजे उष्णता सुटली. रॅमची चाचणी रात्रभर चालवली, चूक निघाली नाही. तीही सुटली.

दोन आठवड्यांनी आईने वही वाचली आणि मुलाला बोलावले. रविवारी सकाळी तीन तास गेम, बंद नाही. संध्याकाळी साडेसहाला हिशेबाचे काम, बंद नाही. संध्याकाळी साडेसहाला गेम, चार वेळा बंद. शेवटच्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘पाण्याचा पंप सुरू. ट्यूबलाइट क्षणभर मंद.’ आणि एका ठिकाणी: ‘टेबलाखाली टक् आवाज.’

हा आवाज मुलाने कधी ऐकलाच नव्हता. त्याच्या कानावर हेडफोन असायचे.

टेबलाखाली होता यूपीएस. पंपाची मोटर सुरू होताना इमारतीतला दाब खाली जाई आणि यूपीएस टक् करून बॅटरीवर जाई. हिशेबाचे काम चालू असताना संगणकाला जेमतेम ८० वॅट लागत, तेवढे तो सहज पेली. खेळताना कार्डाला १७० वॅट, प्रोसेसरला जोर आला की ११७ पर्यंत, वर मदरबोर्ड, पंखे, मॉनिटर, एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज. बेरीज ४०० च्या घरात. यूपीएसवर ठळक लिहिले होते ६००, पण ते व्हीए होते. खाली बारीक अक्षरांत: ३६० वॅट. त्यात बॅटरी थकलेली. एका क्षणासाठी तो कोलमडे, संगणक बंद पडे, भार उतरताच यूपीएस सावरे आणि कुणी वाकून पाहीपर्यंत त्याचा हिरवा दिवा खोडी करून साळसूद उभ्या राहिलेल्या पोरासारखा लागलेला असे. गंमत म्हणजे हा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. तो झटका त्याने एकट्याने पचवला असता.

आता हे वडिलांना सांगायचे कसे? मुलगा दोन दिवस घुटमळला. शेवटी त्याने वाद घातलाच नाही. फक्त म्हणाला, ‘‘बाबा, मी सांगेन तेव्हा भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करता का?’’

आधी आईची हिशेबाची फाइल उघडी ठेवली. वडिलांनी बटण बंद केले, टक् झाले, संगणक चालूच राहिला. त्यांचा चेहरा उजळला. मग फाइल नीट साठवून मुलाने गेम लावला, पात्र धावू लागले. वडिलांनी बटण बंद केले. टक्, आणि सगळे काळे.

त्यांनी पुन्हा तेच करायला सांगितले. पुन्हा तेच झाले. मग चष्मा कपाळावर सरकवून ते टेबलाखाली शिरले आणि बराच वेळ ते बारीक अक्षर वाचत राहिले. ‘‘तीनशे साठच आहे रे,’’ आतूनच आवाज आला.

नवा यूपीएस येईपर्यंत संगणक थेट भिंतीच्या सॉकेटवर लावला आणि पंप रोज सुरू होऊनही तो एकदाही बंद पडला नाही. मात्र खोक्याला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. याचा बंद पडण्याशी काही संबंध नव्हता, पण गोष्ट त्याहून गंभीर होती. वायरमनने सॉकेट उघडले, तर तिसऱ्या पिनेला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. ज्यांच्या घरी संगणकाच्या किंवा फ्रिजच्या पत्र्याला हात लावल्यावर चावल्यासारखे होते, त्यांनी रबरी चपलेवर भागवू नये. त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

नवा यूपीएस ११०० व्हीएचा, ६६० वॅटचा आला. दुकानात वॅट विचारून घ्यायचे काम वडिलांनी केले, तेही दोनदा. एसएमपीएस जुनाच आहे, कार्ड विकले गेले नाही. जुन्या यूपीएसला त्यांनी माळ्यावर जाऊ दिले नाही. तो आता वायफायच्या राउटरला जोडलेला आहे, जेमतेम दहा वॅटचे काम. परवा वीज गेली तेव्हा तीन तास नेट चालू होते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.