मांडीवरची गिटार

गिटार म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला, केस वाढवलेला तरुण. स्टील गिटारचे तसे नाही. ती उताणी मांडीवर घ्यायची असते. आमच्या आटगावात बायका सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसतात, जवळजवळ तीच बैठक. मान खाली, नजर हातांवर. त्यामुळे ती वाजवणारा माणूस रुबाबदार दिसण्याचा मुळीच संभव नसतो. आणि चाळिशी ओलांडलेल्या शाळामास्तराला हे फार सोयीचे पडते.

या वाद्याच्या तारा पट्टीपासून चांगल्या उंच असतात. बोटांनी त्या दाबायच्या नसतातच. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत, जड दांडा धरायचा आणि तो तारांवर हलकेच टेकवून सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. माझ्या सहा तारा मी खर्जाकडून वर सा, प, सा, ग, प, सा अशा लावतो. दांडा पाचव्या पडद्यावर आडवा ठेवला की मध्यमाचे घर, सातव्यावर ठेवला की पंचमाचे. जुन्या ब्लूज गाण्यांपैकी बहुतेकांचा संसार या तीन घरांतच चालतो. चार-चार मात्रांचे बारा खण असतात. पहिले चार षड्जाचे, मग दोन मध्यमाचे, दोन पुन्हा षड्जाचे, एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटच्या दोन खणांत स्वारी घरी परत. एवढे गणित आमच्या तिसरीतल्या मुलालाही येईल.

गणिताबाहेरचा भाग मात्र दोन पडद्यांच्या मधे दडलेला आहे. ब्लूजमधला गांधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो. तो त्या दोहोंच्या मधे कुठेतरी हेलकावत असतो. पेटीवर तो सापडायचा नाही, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे सूर नसतो. मींड घेता येत नाही या व अशाच आक्षेपांवरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दाराबाहेर उभे केले, आणि सुमारे तीस वर्षे ती बाहेरच उभी राहिली. पोलादी दांड्याला हा अडसर नाही. त्याला सगळी वाटच मोकळी. म्हणून चुकायलाही सगळी वाट मोकळी!

हे वाद्य मूळचे हवाई बेटांतले. तिथल्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने १८८९ च्या सुमारास ही युक्ती काढली. रेल्वेच्या रुळाकाठी सापडलेला एक गंजका बोल्ट त्याच्या गिटारला लागला आणि तार रडल्यासारखी वाजली, असे सांगतात. पुढे ताउ मोए हा हवाईयन गिटारचा वादक आपल्या कुटुंबासह जग फिरता फिरता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिला, आणि तिथे या वाद्याचे वेड पसरले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी सिनेमाची गाणी विजेच्या गिटारवर वाजवून घरोघर पोहोचवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर तिच्यावर राग मांडले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका कितीतरी घरांत झिजेपर्यंत वाजली असेल.

ब्लूजशी तिची गाठ पडल्याची एक गोष्ट मला फार आवडते. डब्ल्यू. सी. हँडी हे कृष्णवर्णीय संगीतकार १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. गाडीला कित्येक तास उशीर. त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा फाटक्या कपड्यांतला एक माणूस शेजारी बसून गिटारच्या तारांवर चाकू दाबून सरकवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. ओळीत होते काय, तर दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी चाललो आहे, एवढेच. हँडी ते सूर विसरले नाहीत. १९१४ मध्ये त्यांनी 'सेंट लुई ब्लूज' प्रसिद्ध केले आणि त्या गाण्याने जग पालथे घातले. आटगावच्या फलाटावर ज्याची कसारा लोकल डोळ्यांदेखत सुटली आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला मात्र माझा हा नाद पसंत नाही. ते एकदा म्हणाले, "गुरुजी, आपल्याकडं दुःखाचा काय दुष्काळ पडलाय, म्हणून सातासमुद्रापलीकडचं आणून वाजवताय?"

प्रश्न झोंबणारा होता, कारण तो खरा होता. आमच्या स्टेशनाजवळून तानसा तलावाकडे रस्ता जातो. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाले. आणि याच शहापूर तालुक्यात चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसतात. दुःख आयात करावे अशी आमची परिस्थिती खरोखरच नाही.

मी त्यांना १९७७ मधली हकिगत सांगितली. त्या साली व्हॉयेजर याने आकाशात सोडली, तेव्हा तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताची सोनेरी तबकडी ठेवली होती. त्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ब्लाइंड विली जॉन्सन या आंधळ्या गायकाने १९२७ मध्ये मुद्रित केलेले एक गीतही आहे. त्यात शब्द नाहीत. नुसते गुणगुणणे आणि तारांवरून सरकणारा सूर. दोघे एकाच यानातून चालले आहेत. आपले कोण आणि परके कोण?

सहकारी हसले. "ते वर आकाशात ठीक आहे, गुरुजी. आपण राहतो खाली."

यावर मला उत्तर सुचले नाही. ते मिळाले आमच्या घरातच, आईकडून.

आई पहाटे जात्यावर बसत असे त्याला आता कित्येक वर्षे झाली. गावात पिठाची गिरणी आली, जाते परसात तुळशीपाशी गेले आणि ओव्या बंद झाल्या. एका संध्याकाळी मी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे वाजवत होतो. ते मेम्फिस मिनी आणि कान्सस जो या जोडप्याने १९२९ मध्ये मुद्रित केले. आई सूप घेऊन ओसरीवर बसली होती.

"तेच तेच दोनदा का वाजवतोस रे?" तिने विचारले.

मी म्हणालो, "आई, गाण्याची रीतच तशी आहे. पहिली ओळ दोनदा म्हणायची, आणि मग तिसरी ओळ म्हणजे तिचं उत्तर."

"मग बरोबर आहे. पुढची सुचेस्तोवर पहिलीच धरून ठेवायची. जात्यावर मी म्हटलं की काकी तेच पुन्हा म्हणायची. तेवढ्यात मला पुढचं सापडायचं." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, "आणि म्हणतात काय ते?"

मी सांगितले. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला. काठाचे मातीचे बांध फुटले, लाखो माणसे घरादाराला मुकली, आणि त्यांत गोरगरीब काळ्या मजुरांचे हाल सर्वांत जास्त झाले. त्या पुराचे हे गाणे.

आई खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं बांध फुटला म्हणून गेलं. आमचं बांध घातला म्हणून."

माझ्या आईचे माहेर एका धरणाच्या पाण्याखाली आहे. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना गाव उठले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले तर देवळाचे जोते उघडे पडते, एवढेच मी ऐकून होतो. त्यावर ती कधी बोललेली मला आठवत नाही.

मी दांडा उचलला नव्हता. तार अजून घुमत होती. आईने सूप पाखडता पाखडता एक ओळ म्हटली. भाऊ न्यायला आला आहे आणि वाट कुठून काढावी ते त्याला कळत नाही, अशा अर्थाची. तीच ओळ तिने पुन्हा म्हटली. मग तिसरी आली. मी तिच्यामागे वाजवू लागलो, पण माझे बारा खण तिला पुरेनात. एखादी ओळ ती लांबवी, एखादी मधेच सोडून देऊन खडा वेची, आणि मी आपला पंचमावर ताटकळत उभा. जॉन ली हूकर हे थोर ब्लूज गायकही असे खण मोजत नसत. मनात येईल तेव्हा सूर बदलत. तिचा गांधार मी दांड्याने शोधत गेलो. तो कोमलच्या वर होता आणि शुद्धच्या खाली. आटगावच्या ओसरीवर तो कुणी आणला असेल, ते त्या सहकाऱ्यांनीच सांगावे.

"हात रिकामे असले की ओवी येत नाही," एवढे बोलून आई सूप घेऊन आत गेली.

तेव्हापासून मी माझी वेळ बदलली आहे. ती काही निवडायला बसली की मी गिटार मांडीवर घेतो. गाण्याचा आग्रह करीत नाही. या दिवाळीत चकलीच्या भाजणीचे धान्य निवडताना तिने तीन नव्या ओव्या म्हटल्या. त्या मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. त्यांतली एकही बारा खणांत बसत नाही.